मागच्या भिंतीचे बेचाळीस दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज घर आमचं झालं. आमचं म्हणजे ताईचं आणि माझं, निम्मं निम्मं. तीन मजले, सहा खोल्या, पुढे रस्ता आणि मागे चिंचोळी गल्ली. सह्या करताना माझी सही दोनदा चुकली, ताईची नाही. तिने छत्तीस वर्षं इस्पितळात इंजेक्शनं दिली आहेत, तिचा हात कशाला चुकतोय! बाहेर आल्यावर तिने पर्समधून ही वही काढली. म्हणाली, "मास्तर, बावीस वर्षं पोरांना शिकवलंस घरात पैसे कसे गुंतवावेत. आता गुंतवलेयस, तर काय काय होतं ते लिहून ठेव."

खोचक बोलली, पण खरंच बोलली. मी मालमत्ता-गुंतवणूक शिकवतो आणि स्वतः राहतो कॉलेजच्या क्वार्टरमध्ये. आजवर विकत घेतलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे फ्रीज. या घरासाठी मात्र मी चौदा रकान्यांचा तक्ता केला, एकेक आकडा चार वेळा तपासला आणि मगच ताईला 'हो' म्हणालो. तिची निवृत्तीची सगळी पुंजी यात गेली आहे. माझी नोकरी अजून सहा वर्षं आहे. तिच्याकडे आता जे काही आहे ते हे घर. तिने तक्ता उघडूनसुद्धा पाहिला नाही. तू म्हणतोस ना, मग झालं, म्हणाली. असा विश्वास टाकणारं माणूस मिळायला भाग्य लागतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

जुने मालक किल्ल्या द्यायला आले. वय ऐंशीच्या पुढे, आता मुलीकडे राहायला चालले आहेत. दोन तास त्यांनी मला घर दाखवलं. कोणता नळ उलटा फिरतो, कोणत्या पायरीवर जपून पाय टाकायचा, सगळं. माझ्याकडे माझी यादी होती, मी त्यात खुणा करत होतो. भाडेकरूंचीही ओळख झाली. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला चष्मेवाले, दुकान आणि मागे राहायची खोली. मधल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी. वरच्या मजल्यावर बस चालवणारा ड्रायव्हर, त्याची बायको आणि दोन मुली. तळमजल्याची मागची खोली रिकामी आहे.

जाताना आजोबा त्या रिकाम्या खोलीत मागच्या भिंतीला तळहात टेकवून जरा वेळ उभे राहिले. "हिच्याकडे लक्ष ठेवा," म्हणाले. मी बघितलं, भिंत खरंच कळकट झाली होती. यादीत लिहून टाकलं: मागची भिंत, रंग.

२ मार्च, सोमवार

रंगकाम सुरू. दर्शनी भाग उजळला की घराची किंमत वाढते, हे माझ्या तिसऱ्या व्याख्यानात आहे. रंगारी कामाचा माणूस, पण प्रश्न फार विचारतो. आज मला जिन्यात बोलावून नेलं. मागच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख. "साहेब, हे राहू द्यायचं का?"

मुलांची उंची मोजून ठेवली असावी. पण छताजवळसुद्धा रेघ होती, एवढा उंच मुलगा कुठला! मी म्हणालो, "पुट्टी भरा, घासून घ्या आणि वर दोन हात मारा." तो मान खाजवत गेला.

१० मार्च

रंग झाला. फिकट पिवळा. ताईला दाखवला, ती म्हणाली, "छान. इस्पितळासारखा नाही वाटत." तिच्या तोंडून ही शाबासकीच. रंगाऱ्याचे आभार मानले.

११ मे, सोमवार

आज वाईट बातमी.

रिकामी खोली एका शिकवणीवाल्या बाईंना हवी आहे. मुलं यायची असल्यामुळे घर भक्कम असल्याचा दाखला हवा, असं त्या म्हणाल्या. रास्त मागणी. मी इंजिनिअर बाईंना बोलावलं. कमी बोलणाऱ्या, पायात जाड बूट, हातात विजेरी. मागच्या भिंतीपाशी त्या थांबल्या आणि पिवळ्या रंगावरून नख फिरवत खालून वरपर्यंत गेल्या. रिकाम्या खोलीतून जिन्यात, जिन्यातून ड्रायव्हरच्या खोलीत. केसाएवढी भेग. मी कितीदा त्या जिन्यातून गेलो असेन, मला कधी दिसली नव्हती.

"रंगाच्या आधी होती का ही?"

तेव्हा मला त्या रेघा आठवल्या. भेग जिथवर आली तिथे आडवी रेघ, शेजारी तारीख. पुढच्या वर्षी ती रेघेच्या पलीकडे गेली का, ते बघायचं.

बाई म्हणाल्या, "जुनी असेल आणि थांबलेली असेल, तर लोखंडी पट्ट्यांनी शिवून घेऊ, काही धोका नाही. चालू असेल तर घर रिकामं करावं लागेल. नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. आधीची काही नोंद आहे?"

मी नाही म्हणालो. खरं उत्तर 'होती' असं होतं.

१२ मे

जुन्या मालकांना फोन केला. "सगळं भिंतीवर लिहिलंय की," ते ओरडून म्हणाले. त्यांना ऐकू कमी येतं. "तीस वर्षांचं आहे!"

"आजोबा, तुमच्या काही लक्षात असेल तर सांगा ना. शेवटी कधी वाढली होती?"

"लक्षात राहत नाही म्हणून तर लिहायचो हो! का, पुसलं काय?"

मी "नाही नाही" म्हणून फोन ठेवला. ऐंशी वर्षांच्या माणसाशी खोटं बोललो.

मग ताईकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं आधी पैशांचं विचारेल. म्हणाली, "पेशंटचा चार्ट फाडलास तू, मास्तर. माझ्या वॉर्डात कुणी असं केलं असतं तर दारात उभं केलं नसतं त्याला." नंतर चहा टाकला, मला आवडतो तसा, साखर जास्त. तो पिताना मला मान वर करवेना.

चौदा रकान्यांत भिंत हा रकानाच नव्हता.

१३ मे

रंगारी आपणहून आला, कुणी सांगितलं कोण जाणे. पाण्याचा बोळा आणि बोथट पत्रा घेऊन अर्धा दिवस तो रंग सोलत होता. हातभर जागेतून एक रेघ आणि एका आकड्याचं शेपूट तेवढं निघालं, बाकी सगळं घासताना गेलेलं. मजुरी घेतली नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला" हे वाक्य त्याच्या ओठांवर असणार, पण तो ते बोलला नाही. त्याबद्दल त्याचे उपकार मी विसरणार नाही.

१४ मे, गुरुवार

इंजिनिअर बाईंनी खाली आणि वर लोखंडी टेकू लावून घेतले. भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या: रिकाम्या खोलीत, जिन्याच्या वळणावर आणि ड्रायव्हरच्या खोलीत. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तडकेल. सहा आठवडे बघायचं. काच तडकली तर त्याच दिवशी सगळ्यांनी बाहेर पडायचं. नाही तडकली तर त्या सही करतील. मधल्या काळात टेकूंमुळे घर एकदम खाली येणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण राहा असं लिहून द्यायला तयार नाहीत.

मी भाडेकरूंसाठी पत्र तयार केलं. परिस्थिती, शक्यता, दोन्ही पर्याय, सगळं मुद्देसूद. जाणाऱ्याला अनामत रक्कम लगेच परत, राहणाऱ्याला तीन महिने भाड्यात तीस टक्के सवलत, ती शेवटी एकदम परत मिळेल. माणसाला जोखमीचा मोबदला दिला की तो थांबतो, हे माझं सातवं व्याख्यान.

ड्रायव्हरने पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. "सर, जायचं की राहायचं, सरळ सांगा ना."

"निर्णय तुमचा आहे. सगळी माहिती पत्रात दिली आहे."

त्याने पत्राची घडी घालून खिशात टाकली. त्याची बायको आतल्या खोलीत गाद्या गुंडाळायला लागली होती. तिन्ही बिऱ्हाडं गेली तर रिकाम्या, भेगाळलेल्या घराला कुणी विचारणार नाही, आणि ताईचं म्हातारपण त्या भेगेत जाईल. ताईला तसं स्पष्ट सांगितलं. आपण सहा आठवडे थांबू, एवढंच पुढे म्हणालो.

१६ मे, शनिवार

ताईने आज भलतंच काढलं. रिकाम्या खोलीत राहायला आली! पलंग, ट्रंक, रेडिओ, सगळं घेऊन. म्हणे, तिच्या भाड्याच्या घराचे जिने चढून गुडघा दुखतो, इथे तळमजला आहे. मी म्हणालो, "अगं, पण ही वेळ आहे का?" तर म्हणाली, "गुडघ्याला वेळ कळते का?"

आणि पलंग लावला तो नेमका मागच्या भिंतीला, काचपट्टीच्या खाली. समोरची भिंत चांगली धडधाकट आहे, तिथे लाव म्हटलं, तर म्हणे इकडे वारा येतो. खिडकी दुसऱ्या बाजूला आहे. वय झालं की माणूस हट्टी होतं. हमालांनी पलंग आत नेताना ड्रायव्हरच्या दोन्ही मुली जिन्यात उभ्या राहून बघत होत्या, मावशीही कात्री हातात घेऊन खाली आल्या होत्या. ताईने दार सताड उघडं ठेवलं होतं. तिला कसलाच आडपडदा नाही.

१८ मे

सवलतीचं पत्र लागू पडलं! वर गेलो तर ड्रायव्हरच्या गाद्या पुन्हा पसरलेल्या. मावशींचं मशीन चालू. चष्मेवाले म्हणाले, "आम्ही कुठे जात नाही." वर्गात हे उदाहरण सांगितलं, नावगाव न घेता. पोरांनी लिहून घेतलं.

ताई तिथे राहतेय याचा एक फायदा झाला. इंजिनिअर बाईंनी एक पारदर्शक पट्टी दिली आहे, तिच्यावरच्या बारीक रेघा भेगेवर धरून रुंदी मोजता येते. सकाळी सातला ताई मोजते, संध्याकाळी सहाला मी. मी तक्ता आखला: वेळ, जागा, रुंदी, उकाडा किती, पाऊस आहे की नाही. आखलेला कागद बघून ताई म्हणाली, "हे तुला छान जमतं हो." इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

२७ मे

काही बदल नाही. तिन्ही ठिकाणी तीच रुंदी. ताईची अक्षरं मोत्यासारखी, माझी मुंग्यांसारखी. आज ड्रायव्हरची धाकटी तिला कविता म्हणून दाखवत होती. मी घरी जायला निघालो की सगळे ताईच्या दाराशी जमायला लागतात. त्या खोलीत काय आहे कोण जाणे.

४ जून, गुरुवार

पेपर तपासायचे होते, घाईत होतो. वर मोजून खाली येताना जिन्याच्या वळणावर बॅग कशालातरी घासली आणि तिची कडी वाकडी झाली. नवी बॅग आहे. चांभाराकडे टाकायला हवी. नोंद: बदल नाही.

५ जून, शुक्रवार

सकाळी सव्वासातला ताईचा फोन. "जिन्यातली काच तडकली आहे. मी सगळ्यांना बाहेर काढलंय. तू ये."

पोहोचलो तेव्हा सगळे समोरच्या फुटपाथवर होते. मावशींनी शिवणयंत्राचं मुंडकं पोटाशी धरलं होतं. ताईने लहान मुलींच्या हातात बिस्किटं दिली होती आणि इस्पितळात करत असेल तशी माणसं मोजत होती. मी ताईला म्हणालो, "संपलं गं सगळं. तुझे पैसे घालवले मी." ती म्हणाली, "माणसं सहाच्या सहा बाहेर आहेत. पैशांचं नंतर रडू."

इंजिनिअर बाई नऊला आल्या. त्यांच्या मागोमाग चष्मेवाले आत शिरले. कुणी हो म्हणायची वाट त्यांनी बघितली नाही. डोळ्याला भिंग लावून त्यांनी काच बघितली. चाळीस वर्षं हा माणूस काचा कापतोय.

"बाई, ही ताणाने गेलेली नाही. ताणाने गेली असती तर भेगेच्या वर मधोमध सरळ गेली असती. इथे कडेला टवका उडालाय आणि तिथून तडा सुटलाय. ही आपटून फुटली आहे. काहीतरी लोखंडी लागलंय."

इंजिनिअर बाईंनी भिंग मागून घेतलं, बघितलं आणि मान डोलावली. वरची आणि खालची काच शाबूत, तिन्ही ठिकाणी रुंदी तीच. "पण लागलं काय?" बाहेर फुटपाथवर येऊन त्या म्हणाल्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी माझ्या बॅगेच्या कडीकडे बघितलं. मग बॅग पुढे केली.

आधी मावशी हसल्या. मग ड्रायव्हर, आणि मग तर रस्त्यावरचे लोकही थांबून बघायला लागले. मला वाटलं होतं मारतील. उलट ड्रायव्हरने माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, उद्यापासून हात हलवत या!" चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडची काच कापून दिली, बाईंनी तिथेच चिकटवली. या माणसांचे आभार कसे मानतात, मला माहीत नाही. सगळ्यांना चहा पाजला.

१५ जून

आज जुन्या मालकांना फोन करून खरं सांगितलं. रंग मारला, नोंदी गेल्या. मला वाटलं चिडतील. त्यांनी उलट विचारलं, "आता कोण बघतंय तिच्याकडे?" मी म्हणालो, ताई सकाळी आणि मी संध्याकाळी. "दोघं? रोज?" म्हणाले. "मी वर्षातून दोनदा बघायचो हो." आणि मुलीला फोन देऊन टाकला.

२५ जून, गुरुवार

सही झाली!

बेचाळीस दिवस, तीन जागा, सकाळ-संध्याकाळ. इंजिनिअर बाईंनी आमचे तक्ते टेबलावर पसरून तासभर बघितले. भेग जुनी आहे, थांबलेली आहे. पट्ट्यांनी शिवली की काम झालं. म्हणाल्या, "मी काच बघून सही केली असती, पण धाकधूक राहिली असती. हे तक्ते बघून निश्चिंत मनाने करतेय. इतकी नेटकी नोंद मला कुठल्या घरमालकाने दिली नव्हती." बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं गोड वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही. ताई म्हणाली, "बघ, तुझ्या रकान्यांचा उपयोग झाला की नाही!" मी म्हणालो, सकाळचे सगळे आकडे तुझे आहेत. दोघेही उगाच डोळे पुसत बसलो.

२८ जून, रविवार

हे सगळं आज लिहिलंच पाहिजे, उद्या मी ते गुळगुळीत करून टाकीन.

सकाळी टेम्पो ठरवून गेलो, ताईचं सामान तिच्या घरी परत न्यायला. ती आत चादरींच्या घड्या घालत होती. मी मावशींना भेटायला वर गेलो आणि म्हणालो, तुम्ही सगळे थांबलात, फार मोठी गोष्ट केलीत. सवलत अजून दीड महिना चालू आहे, ती तशीच राहील.

"कसली सवलत?" मावशी म्हणाल्या.

"पत्रात होती ती. तीस टक्के."

त्यांनी मशीनच्या खणातून कागद काढला. माझं पत्र. मागच्या बाजूला कुणाच्यातरी ब्लाउजची मापं होती. "वाचायचं राहूनच गेलं बघा. आम्ही निघालोच होतो सगळे, टेम्पोसुद्धा बघून ठेवला होता वरच्यांनी. मग तुमच्या ताई आल्या. त्याच भिंतीला पलंग लावला आणि दार उघडं टाकून आम्हाला म्हणाल्या, मी इथे झोपणार आहे, ज्या दिवशी मी निघेन त्या दिवशी तुम्हीही निघा, त्याआधी नको. आता बाईमाणूस साठी उलटलेलं, खाली भिंतीला टेकून झोपतंय, आणि आम्ही पळायचं? बरं दिसतं का ते?"

मी जिन्यात बसलो. वर्गातल्या पोरांनी माझं उदाहरण लिहून घेतलंय, ते आठवलं. गुडघा, वारा, उघडं दार. सगळं मी या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं. चाळीसेक रात्री ती त्या भिंतीखाली झोपली आणि मी पाऊण तासावरच्या क्वार्टरमध्ये पंखा लावून झोपलो.

खाली आलो. म्हणालो, "ताई, भीती नाही वाटली?"

"वाटायची की. रोज वाटायची. पहिले आठ दिवस तर उशी पायथ्याशी घेऊन झोपले."

"मग कशाच्या जोरावर राहिलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? तू म्हणालास ना, सहा आठवडे थांबू. मी त्यांनाही तेच सांगितलं. माझा भाऊ बावीस वर्षं हेच शिकवतोय, तो थांबू म्हणाला म्हणजे विचार करूनच म्हणाला असणार." मग चादर हातात तशीच धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला माहीत होतं ना रे, भिंत टिकेल म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला आवडलंही असतं.

"नाही," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नव्हतं. इंजिनिअर बाई सहा आठवडे म्हणाल्या, मी ते पुढे सांगितलं. मी घाबरलो होतो, ताई."

ती मटकन पलंगावर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत, लहानपणी हसायची तशी. हसता हसता तिने चादरीने डोळे पुसले.

"बरं झालं तेव्हा बोलला नाहीस," ती म्हणाली. "पाऊल नसतं ठेवलं मी या खोलीत."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी तिच्याशेजारी पलंगावर बसलो आणि भिंतीला पाठ टेकली. आज पहिल्यांदाच टेकली. तिचा हात हातात घेतला आणि टेम्पोवाल्याला वाजवू दिलं.